जुळ्या कार्बुरेटरांचा मेळ

विमान म्हटलें म्हणजे शेंदोनशें माणसें पोटांत घेऊन गर्जत जाणारें प्रचंड यान आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु इंग्लंड, जर्मनी इत्यादि देशांत अनेक खाजगी गृहस्थ सुटीच्या दिवशीं ज्या विमानांतून तास-दोन तास फिरून येतात, तें आपल्या घरच्या मोटारीपेक्षांही हलकें असतें. दोन माणसें शेजारीं शेजारीं बसलीं आणि मागें एखादी पिशवी ठेवली, कीं तें भरलें. असें एक विमान मीं २०२३ सालच्या उन्हाळ्यांत प्रथम जवळून पाहिलें. माझा पुतण्या नोकरीनिमित्त पुष्कळ वर्षें इंग्लंडांत आहे. त्यानें व त्याच्या तीन मित्रांनीं मिळून तें विकत घेतलेलें होतें. गांवाबाहेर गवताचें एक लांबट मैदान आणि कडेला पत्र्याच्या चार पडव्या, हाच तेथील विमानतळ.

माझे थोरले बंधू, म्हणजे त्याचे वडील, त्या वेळीं पंचाहत्तरींत होते. मुलाच्या विमानांतून एकदां तरी आकाशांत जावें अशी दादांची फार दिवसांची इच्छा होती. वहिनींचा मात्र त्याला साफ विरोध होता. आम्ही तिघेही तिकडे गेल्यावर आठ दिवस वाद चालला, आणि अखेर वहिनींनीं एक अट घातली. "भावोजी, तुम्ही जन्मभर मुलांना शास्त्र शिकविलेंत. तें यंत्र तुम्ही स्वतः पाहा आणि ठीक आहे म्हणून मला सांगा. मग मी कांहीं बोलणार नाहीं."

वास्तविक माझा विषय संस्कृत. शास्त्राचे तास मुख्याध्यापकांनीं गळ्यांत घातले म्हणून मीं घेतले. परंतु वहिनींपुढें हें सांगण्याची सोय नव्हती. शनिवारीं सकाळीं मी पुतण्याबरोबर मैदानावर गेलों. दुसऱ्या दिवशीं, रविवारीं, दादांना घेऊन उडावयाचें असें ठरलेलें होतें.

पुतण्यानें इंजिन सुरूं केलें. पंखा फिरूं लागला आणि तें सबंध विमान थंडी वाजून आलेल्या माणसाप्रमाणें थडथडूं लागलें. त्यानें वेग वाढवितांच तें शांत झालें. कमी करतांच पुन्हां थडथड. इंजिन बंद करून खालीं उतरल्यावर तो म्हणाला, "काका, दोन महिन्यांपासून हें असें आहे. दोन कार्बुरेटरांचा मेळ बिघडला आहे. दर वेळीं स्क्रू थोडा फिरवितों, आठ दिवस बरें चालतें, पुन्हां मूळपदावर. पण वर गेल्यावर कांहीं जाणवत नाहीं."

हें "वर गेल्यावर जाणवत नाहीं" माझ्या मनाला पटेना. वहिनींना काय सांगावें, हा माझ्यापुढें प्रश्न होता. म्हणून मीं त्याला म्हटलें, "मला पहिल्यापासून समजावून सांग." त्यानें जें सांगितलें व पुढें जें मीं डोळ्यांनीं पाहिलें, तें वाचकांस सांगतों.

तें इंजिन ऑस्ट्रियांतील रोटॅक्स कारखान्याचें, ९१२ या क्रमांकाचें होतें. हें इंजिन १९८९ सालापासून प्रचारांत आहे, आणि जगांतील हलक्या विमानांपैकीं पुष्कळांवर तेंच बसविलेलें आढळतें. वजन साधारण साठ किलो, शक्ति ऐंशीं अश्वबल. चार सिलिंडर असतात. दोन उजव्या अंगास व दोन डाव्या अंगास, आडवे पसरलेले. पूर्ण जोरांत इंजिन मिनिटाला ५८०० फेरे घेतें. एवढ्या वेगानें पंखा फिरविणें हितावह नसतें, म्हणून मध्यें दांतेरी चाकांची पेटी, म्हणजे गिअरबॉक्स, घालून इंजिनाच्या सव्वादोन फेऱ्यांस पंख्याचा सुमारें एक फेरा असें प्रमाण ठेवलेलें असतें.

आतां कार्बुरेटर म्हणजे काय? पेल्यांतील पाण्यांत उभ्या धरलेल्या नळीच्या तोंडावरून दुसऱ्या नळीनें जोरानें फुंकर मारली, तर पाणी उभ्या नळींतून वर चढतें व तुषाररूपानें उडतें, हा प्रयोग आपणांपैकीं अनेकांनीं शाळेंत केला असेल. वाहत्या हवेचा दाब कमी होतो आणि पाणी त्या कमी दाबाकडे ओढलें जातें. कार्बुरेटरांत हेंच घडतें. तेथें फुंकर मारावी लागत नाहीं, कारण सिलिंडरांतील दट्ट्या खालीं जातांना स्वतःच हवा ओढतो. वाटेंतील अरुंद गळ्यांतून ती हवा वेगानें जाते व आपल्याबरोबर पेट्रोलचे तुषार घेऊन जाते. एक लिटर पेट्रोल नीट जळावयास सुमारें नऊ हजार लिटर हवा लागते. एवढ्या हवेंत तेवढेंच पेट्रोल अचूक मिसळणें हें कार्बुरेटरचें कर्तव्य.

१९०३ साली राइट बंधूंनीं जें विमान उडविलें, त्याच्या इंजिनाला आजच्या अर्थानें कार्बुरेटर नव्हताच. पेट्रोल एका उथळ तापलेल्या कप्प्यांत ठिबकत असे व त्याची वाफ हवेबरोबर आंत जात असे. वेग कमीजास्त करण्याची सोयही नव्हती. या इंजिनावर मात्र जर्मनींतील बिंग या कारखान्याचे दोन कार्बुरेटर असतात. उजवा उजवीकडील दोन सिलिंडरांना पोसतो व डावा डावीकडील दोहोंना. वैमानिकाच्या हातांतील दांडा एकच. त्याच्यापासून दोन तारा निघतात व दोहों बाजूंच्या झडपा उघडतात-मिटतात. आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकांत ज्यांनीं राजदूत ३५० ही मोटारसायकल वापरली, त्यांना दोन कार्बुरेटरांचें हें दुखणें परिचित असेल. एक बाजू अधिक श्वास घेऊं लागली कीं दोन्ही बाजूंचा जोर विषम होतो आणि यंत्र थडथडूं लागतें.

ही थडथड सावकाश चालतांनाच अधिक कां जाणवते? त्या वेळीं झडपा जेमतेम किलकिल्या असतात. तिथें केसाएवढा फरक म्हणजे मोठा फरक. झडपा सताड उघडल्या म्हणजे तोच फरक नगण्य ठरतो. शंभर रुपयांच्या व्यवहारांत दहा रुपये खुपतात, लाखांत ते दिसतही नाहींत, तसें हें आहे. परंतु न दिसणारा दोष नाहींसा झालेला नसतो. प्रत्येक उड्डाणाच्या आरंभीं व शेवटीं, जमिनीवर सावकाश चालतांना, गिअरबॉक्सचे दांते एकमेकांवर आपटत राहतात आणि ज्या रबरी कड्यांवर कार्बुरेटर बसविलेले असतात, त्यांना हळूहळू चिरा पडूं लागतात.

आम्ही बोलत असतां त्या मैदानावरील एक वृद्ध कारागीर जवळ येऊन उभे राहिले. असल्या विमानांची तपासणी करण्याचा त्यांना अधिकार होता. पुतण्याचें सर्व ऐकून घेऊन त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, स्क्रू वारंवार फिरवावा लागतो तो कां, याचा शोध केला आहे काय? पुतण्या गप्प राहिला. मग त्यांनीं त्याला परीक्षेचा क्रम सांगितला. आधीं दोष शोधावा, मग हातानें व डोळ्यानें जुळणी करावी, आणि सर्वांत शेवटीं दर्शक लावून मोजावें. लोक हा क्रम उलटा करतात, म्हणून काम कधीं संपत नाहीं.

रविवारचें उड्डाण आम्हीं रद्द केलें. घरीं आल्यावर दादा रुसले. "आईला भ्यालास," असें मुलाला म्हणाले. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत.

पुढच्या शनिवारीं आम्ही पुन्हां मैदानावर गेलों. प्रथम कार्बुरेटरच्या तळाचे वाडगे काढले. त्यांत पेट्रोलची पातळी राखण्यासाठीं दोन लहान फ्लोट तरंगत असतात. ते हलके असले तरच वेळेवर वर येतात व पेट्रोलची वाट बंद करतात. पेट्रोल शोषून जड झाले तर बुडूं लागतात, पातळी चढते, आणि त्या बाजूला पेट्रोल अधिक जातें. अशा वेळीं कितीही स्क्रू फिरविला तरी मेळ बसत नाहीं. एका कार्बुरेटरांतील दोन्ही फ्लोट मिळून सात ग्रॅमपेक्षां अधिक भरतां कामा नयेत असा दंडक आहे. सात ग्रॅम तोलावयाचे कशावर? सूनबाई घरीं पाव भाजते, त्यासाठीं यीस्ट मोजण्याचा लहानसा काटा तिच्याकडे होता, तो आम्हीं मागून आणला होता. दोन्ही जोड्या मर्यादेच्या आंतच भरल्या. वाडग्यांत कचरा नव्हता. रबरी कडीं वांकवून पाहिलीं, त्यांना चिरा नव्हत्या.

मग दर्शक लावावयाचे. येथें एक मौज आहे. दोन्ही बाजूंच्या हवेच्या वाटा एका आडव्या नळीनें जोडलेल्या असतात. तिला आपण तोलनळी म्हणूं. एका बाजूची ओढ अधिक झाली तर दुसरीकडची हवा तिच्यांतून येऊन फरक थोडासा भरून काढते. नळी मोठी उपकारक, परंतु मोजमापाच्या वेळीं तीच आड येते, कारण ती दोष झांकते. म्हणून परीक्षेच्या वेळीं ती सोडवून तिच्या दोन्ही तोंडांशीं दोन दर्शक जोडतात. मग प्रत्येक बाजू एकटी किती ओढते, तें स्वच्छ दिसतें.

तें पाहतांना मला आमच्या घराची आठवण झाली. आमची आई होती तोंवर दादांच्या व माझ्या खर्चाचा मेळ तीच राखी. याच्या डब्यांतलें त्याच्या डब्यांत जाई, आणि महिनाअखेर दोन्ही घरें सारखीं दिसत. ती गेल्यावर प्रथमच मला कळलें कीं, मुलांच्या शिक्षणाच्या वर्षांत दादांची दरमहा ओढाताण होत होती आणि त्यांनीं तें कोणास सांगितलें नव्हतें. आईनें झांकलें तें प्रेमानेंच. परंतु त्यामुळें मला वेळेवर कळलें नाहीं, हेंही तितकेंच खरें.

मी मास्तर असल्यामुळें माझ्या डोक्यांत पाण्यानें भरलेली यू-आकाराची नळी आली. दोन बाजूंस दोन टोकें जोडावीं, पाणी ज्या बाजूस चढेल तिकडची ओढ अधिक. पुतण्या हंसून म्हणाला, "काका, दोन्ही टोकें जागेवर आहेत तोंवर ठीक. एक निसटलें तर?" मीं हिशेब केला. इंजिन सावकाश चालत असतां आंतील दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारें निम्म्यावर येतो. अर्धा वातावरण-दाब पाण्याला पांच मीटरांपर्यंत चढवितो. म्हणजे एक नळी निसटतांच सर्व पाणी थेट इंजिनाच्या पोटांत गेलें असतें. म्हणून तेथें काट्याचे दर्शकच बरे.

चाकांना ठोकळे लावले, शेपटी दोरीनें बांधली, पुतण्या आंत बसला, कारागीर दर्शक घेऊन बाजूस उभे राहिले, आणि मला पंख्यापासून दूर, मागच्या अंगास उभें केलें. इंजिन तापूं दिलें, कारण थंड इंजिनावर घेतलेलें माप खोटें असतें. मंद गतीला दोन्ही काटे अगदीं सारखे! मला वाटलें, दोष नाहींच. मग दांडा पुढें सारून वेग २५०० फेऱ्यांवर नेला. वाटेंतच डावा काटा मागें रेंगाळला. डाव्या बाजूची ओढ अधिक राहिली, म्हणजे डावी झडप उजवीइतकी उघडलीच नव्हती.

इंजिन बंद झाल्यावर कारागिरांनीं पुतण्याला विचारलें, "बंद करतांना झडप कोण ओढतें?" "माझा हात, तारेनें." "आणि उघडतांना?" "स्प्रिंग." या इंजिनाची रचना अशी कीं, तार झडपेला मिटविते व तार सैल सोडली म्हणजे स्प्रिंग तिला उघडते. उड्डाणांत तार तुटली तर झडप मिटून इंजिन बंद पडूं नये, पूर्ण उघडावी, एवढ्यासाठीं ही योजना. हातानें ओढतांना तार घासत असली तरी झडप मिटते, म्हणून मंद गतीला दोन्ही काटे सारखे. स्प्रिंगला मात्र तेवढा जोर नसतो. तार कोठें अडत असेल तर ती बाजू उघडतांना मागें पडणार. पुतण्या आजवर फिरवीत होता तो मंद गतीचा स्क्रू. दोष तेथें नव्हताच!

डाव्या तारेवरून हात फिरवीत ते मागें मागें गेले आणि एका जागीं थांबले. मार्च महिन्यांत इंजिनाचें झांकण बसवितांना पुतण्यानें आंतल्या सर्व तारा व नळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीनें एकत्र, मोठ्या टापटिपीनें बांधल्या होत्या. त्या पट्टीशीं डावी तार काटकोनांत वळली होती. पट्टी कापून तार आवरणांतून बाहेर काढली, तेव्हां वळणाच्या जागीं पिळांतील तीन धागे तुटलेले आढळले.

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. ती तार आणखी किती दिवस टिकली असती, हें सांगणें कठीण. ती आकाशांत तुटली असती तर डावी बाजू स्प्रिंगनें पूर्ण उघडली असती आणि उजवी हाताच्या स्वाधीन राहिली असती. वेग कमी करूं जातां एक अंग पूर्ण जोरांत आणि दुसरें मंद, अशा अवस्थेंत तें इंजिन विमानासकट गदगदां हललें असतें, आणि उतरणें अवघड झालें असतें. अशा वेळीं शेजारच्या आसनावर पंचाहत्तर वर्षांचा बाप असता. पुतण्याचा चेहरा मला पाहवेना. त्यानें कोणाकडेही बोट दाखविलें नाहीं, कारण पट्टी त्यानेंच बांधली होती.

नवी तार मोठ्या मोकळ्या वळणानें घातली. मग हातानें जुळणी. दोन्ही झडपांचे दांडे आपापल्या अटकावाला एकाच क्षणीं टेकतात कीं नाहीं, आणि एकाच क्षणीं पूर्ण उघडतात कीं नाहीं, तें डोळ्यानें पाहिलें. मंद गतीचा स्क्रू अटकावाला टेकल्यापासून दीड फेरा आंत, मिश्रणाचा स्क्रू पूर्ण बंद केल्यापासून दीड फेरा बाहेर, हें मूळस्थान. पुतण्याचे दोन महिन्यांचे सर्व फेरे आम्हीं असे पुसून टाकले. मग पुन्हां दर्शक. आतां मंद गतीला, २५०० फेऱ्यांना आणि मधल्या सर्व वाटेवर दोन्ही काटे बरोबरीनें चालले. जो थोडा फरक राहिला, तो तारेची लांबी किंचित् बदलून घालविला. शेवटीं तोलनळी परत जोडली. इंजिन १४०० फेऱ्यांच्या वर स्थिर ठेवलें, आणि विमानाच्या पंखावर ठेवलेल्या पेल्यांतलें पाणी जेमतेम शहारलें. केलेलें सर्व काम यंत्राच्या वहींत लिहून कारागिरांची सही घेतली.

घरीं येऊन मीं वहिनींना सर्व सांगितलें. दोष काय होता, कोणाच्या हातून झाला, काय बदललें, कांहीं लपविलें नाहीं. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व एकच प्रश्न केला. "डावी नवी घातलीत. उजवी किती वर्षांची आहे?"

पुतण्यानें माझ्याकडे पाहिलें व मीं त्याच्याकडे. उजवी आम्हीं तपासली होती, ती धडधाकट होती, म्हणून तशीच ठेवली होती. परंतु नवी तार वापरानें थोडी ताणते, जुनी आपल्या परीनें ताणून बसलेली असते. एक नवी व एक जुनी अशा जोडीचा मेळ फार दिवस टिकत नाहीं. शास्त्र शिकविणाऱ्या मास्तराच्या हें लक्षांत आलें नाहीं, आणि चाळीस वर्षें एकत्र संसार चालविलेल्या बाईच्या चटकन् लक्षांत आलें. तिसऱ्या शनिवारीं उजवी तारही बदलली व सर्व जुळणी पुन्हां पहिल्यापासून केली. मग पुतण्या एकटाच अर्धा तास उडून आला.

रविवारीं सकाळीं दादा विमानांत बसले. वहिनी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या होत्या. वीस मिनिटांनीं विमान खालीं आलें आणि गवतावरून सावकाश चालत आमच्याकडे येऊं लागलें. हीच ती मंद गति, जिच्यांत तें पूर्वीं थडथडत असे. आतां पंखा संथपणें फिरत होता. दादा खालीं उतरले, तेव्हां त्यांचे डोळे पाणावलेले होते. तें वाऱ्यामुळें, असें ते म्हणाले.

२०१२ सालापासून याच इंजिनाची एक निराळी जात निघाली आहे. तींत कार्बुरेटर नसून संगणकाच्या हुकमानें पेट्रोल फवारलें जातें. तिच्यांत हा मेळ बसविण्याचें काम उरत नाहीं. तथापि जुनीं इंजिनें अजून पुष्कळ चालतात, आणि त्यांच्या धन्यांना अधूनमधून हा उद्योग करावाच लागतो. संस्कृतांत बरोबरीला तुल्य हा शब्द आहे आणि त्याच्या पोटांत तुला, म्हणजे तराजू, बसलेली आहे. एक पारडें कितीही निरखून पाहिलें तरी तें बरोबर आहे कीं नाहीं हें कळत नाहीं. दुसरें शेजारीं टांगावें लागतें. हा शब्द मीं चौतीस वर्षें मुलांना शिकविला. त्याचा अर्थ मात्र मला त्या गवताच्या मैदानावर आणि वहिनींच्या त्या एका प्रश्नानें नीट उमगला.